ताईची होडी

मित्रांनो, माझे आता वय झाले. मी होडी आहे, पण नऊ वर्षांत माझ्या तळाला पाणी लागलेले नाही. माझ्या पोटात बसून कोणी गप्पा मारत नाही, कोणी ओले पाय झटकत नाही. लोक येतात, दोरीपलीकडून मला बघतात, "अरे वा!" म्हणतात आणि पुढच्या वस्तूकडे जातात. माझा स्वभाव पहिल्यापासून असा कडू नव्हता. तो कसा झाला ते तुम्हाला सांगते.

तुम्ही कधी कोणाला वल्ही मारताना नीट पाहिले आहे का? होडी जिकडे जाते तिकडे त्या माणसाची पाठ असते. जोर लावून वल्हे ओढायचे तर असे उलटेच बसावे लागते. म्हणजे सोडलेला काठ डोळ्यांसमोर आणि गाठायचा काठ पाठीमागे! पुढचे बघायला नावाड्याला घडीघडी मान वळवावी लागते. पिढ्यान्‌पिढ्या माणसे असेच करत आली आणि कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. ताईला वाटले, कारण तिची मान वळेनाशी झाली.

ताई आमच्या जलाशयावर माणसांची ने-आण करायची. अलीकडच्या काठावर बाजार, दवाखाना, पोस्ट. पलीकडच्या काठावर घरे. आधी ही फेरी तिच्या वडिलांची होती, त्यांच्यामागे तिची झाली. तिथल्या पाण्यावर एक रीत होती. होडीत जो पहिला चढेल त्याने नावाड्यासमोर बसायचे आणि पुढचा रस्ता बघायचा. त्याला 'डोळा' म्हणायचे. नावाड्याला पुढचे दिसत नसे, म्हणून 'डोळा' सांगायचा, "डावीकडं घे, खांब आलाय."

एकदा ताई घरच्या माळ्यावरून पडली. हाडे जुळली, पण मान ताठ झाली ती झालीच. कोणाकडे बघायचे असेल तर ती अख्खी वळायची. तेव्हापासून तिची सगळी भिस्त 'डोळ्या'वर. आणि एक दिवस 'डोळा' झाला कोण, तर न्हावी! बोलण्यात त्याचा हात धरणारा आमच्याकडे कोणी नव्हता. त्याची गोष्ट ऐन रंगात आली आणि ताईची जुनी होडी पाण्याखालच्या बुंध्यावर आदळली. कोणाला लागले नाही, पण परवाने देणाऱ्या कचेरीतून कागद आला. पुन्हा अपघात झाला तर परवाना रद्द, असे त्यात लिहिले होते.

"फेरी गेली तर मी काय करू रे?" ताई आपल्या धाकट्या भावाला म्हणाली. "मला दुसरं काही येत नाही. आणि येत असतं तरी मी केलं नसतं."

भाऊ होड्या बांधायचा. त्याला सगळे धाकटाच म्हणत. कानावर पेन्सिल आणि खिशात पट्टी असल्याशिवाय तो जेवायलाही बसत नसे. त्याने कानावरची पेन्सिल काढली. मग म्हणाला, "तुझी मान वळत नाही ना? मग मी होडी वळवतो."

मित्रांनो, खरे सांगते, नाकासमोर चालण्यासाठीच माझा जन्म झाला. धाकट्याने आधी ताईचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत मोजला. मग दोन चांगली, मजबूत वल्ही घेतली आणि मधोमध कापली. शेजारचा सुतार दारात उभा होता. तो म्हणाला, "वल्ही कापून झाली असतील तर आता होडीला चाकं लाव." धाकटा हसला नाही. त्याने दोन्ही तुकड्यांच्या टोकांना दातांची अर्धी चाके बसवली आणि ती माझ्या काठावर एकमेकांत अडकवली. मूठ एका बाजूला फिरली की दाते वल्ह्याचे पाते उलट्या बाजूला फिरवत. त्यामुळे मूठ छातीकडे ओढली की पातेही मागेच जाई, पाणी मागे ढकलले जाई, आणि होडी निघे ती वल्हवणाऱ्याच्या तोंडासमोर. पहिले दाते लाकडाचे होते. ते पहिल्याच ओढीला कडाकड तुटले. दुसरे जाड होते, ते भिजून फुगले आणि हलेचनात. तिसरे त्याने पितळेचे केले. त्या दिवशी तो कामात जेवायचे विसरला आणि ताईने डबा आणून त्याला माझ्याच फळीवर बसवून खाऊ घातले. मला तेव्हा वाटले, असे भाऊ-बहीण नशिबानेच मिळतात.

ताई माझ्यात पहिल्यांदा बसली तो दिवस मी विसरणार नाही. सवयीने ती सारखी मागे वळू बघायची आणि काठावरची माणसे ओरडायची, "अगं, समोर बघ, समोर!" पाण्याच्या मध्यावर आलो तेव्हा तिने वल्ही उचलून धरली. इतकी वर्षे तिने पलीकडचा काठ फक्त दूर जाताना पाहिला होता. "अरे धाकट्या, घर येताना दिसतंय!" ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

पण ताई व्यवहाराची पक्की. दुसऱ्याच दिवशी तिने खोट दाखवली. "पाणी दिसतं, पण माणसं माझ्या पाठीमागं गेली. मागं कोण उभं राहतंय, कोणाचं पोर वाकतंय, मला कळायला नको?" उतारूंनाही ते आवडले नव्हते. पोस्टातल्या बाई म्हणाल्या होत्या, "हिला आमचं तोंड बघायचं नाही वाटतं." तेव्हा न्हाव्याने दुकानातला एक गोल आरसा आणून दिला. बुंध्याचे प्रायश्चित्त म्हणा हवे तर! धाकट्याने तो चार स्क्रूंनी माझ्या पुढच्या फळीवर ताईसमोर बसवला. मग ताई समोर पाणी बघायची, आरशात माणसे बघायची आणि तिथूनच त्यांना दटावायची. "आजोबा, बसून घ्या. टोपी कुठं पळून जात नाही." 'डोळ्या'ची रीत हळूहळू मोडली. कोणाला पुढे बघायची गरज उरली नाही.

दोन वर्षे मी धावले. माझे नाव झाले. पाण्यावर शर्यती लावणाऱ्या एका मोठ्या मंडळाच्या कानावर ते गेले आणि त्यांचे चिटणीस मला बघायला येणार असे ठरले. मी चांगली ठरले तर ते धाकट्याकडून बारा होड्या बांधून घेणार होते. धाकट्याने मला घासले, तेल दिले आणि सकाळी सकाळी खिशातून पेचकस काढून आरशाचे स्क्रू सोडवू लागला.

"हे काय करतोस?" ताईने विचारले.

"आजचा दिवस गं. आरसा बघितला की ते म्हणतील, एवढी हुशारीची होडी आणि मागं बघायला आरसा लागतो? अर्धवट वाटतं."

"अर्धवटच आहे ती आरशाशिवाय."

"उद्या सकाळी परत बसवतो. तुझी शपथ."

धक्क्यावर त्या वेळी उतारू उभे होते. न्हावी होता, पोस्टातल्या बाई होत्या, शेजारचा सुतारही होता. सगळ्यांनी ते पाहिले. धाकट्याने आरसा फडक्यात गुंडाळला, स्क्रू खिशात टाकले. चिटणीस खूश झाले. धाकटा त्यांच्याच गाडीतून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. ताई त्याच्या कारखान्यावर जाऊन आली. तो कागदांत बुडाला होता. म्हणाला, "उद्या." त्याच्या दुसऱ्या दिवशीही म्हणाला, "उद्या." फेरी सलग तीन दिवस बंद राहिली तर कचेरी ती दुसऱ्याला देई, असा नियम होता. पलीकडे दवाखान्यात जाणारी माणसे खोळंबली होती. तिसऱ्या दिवशी ताईने आरशाशिवाय वल्ही हातात घेतली. दर थोड्या वेळाने ती ओरडून विचारत होती, "सगळे बसलेत ना?" सगळे बसले होते. मग वारा आला, टोपीवाल्या आजोबांची टोपी खरोखरच पळाली आणि ते ती धरायला उभे राहिले. ताई समोर बघत होती. पाण्यात पडल्याचा आवाज तिने ऐकला, तेवढाच.

ताईनेच उडी मारून त्यांना वर काढले. त्यांचे मनगट मोडले होते. दात वाजत असतानाही आजोबा म्हणत होते, "पोरीला काही बोलू नका. माझी टोपीच उनाड." पण कचेरीला टोपीशी काय देणेघेणे?

चौकशी धक्क्यावरच झाली. कचेरीच्या साहेबांना होडी बघायची होती, म्हणून टेबल-खुर्ची तिथेच मांडली. मंडळाचे चिटणीसही येऊन बसले. बारा होड्यांचा करार अजून कच्चा होता. साहेबांनी माझ्या फळीवरची चार भोके बोटाने चाचपली आणि विचारले, "इथं काय होतं?"

"आरसा होता, साहेब," धाकटा म्हणाला.

"मग गेला कुठं?"

मी मनात म्हटले, सांग रे बाबा. चूक झाली, विसरलो, एवढेच म्हण. ताई तुला जवळ घेईल.

धाकट्याने चिटणीसांकडे पाहिले. मग तो म्हणाला, "ताईनं काढून ठेवला. त्यात सारखं आपलंच तोंड दिसतं म्हणायची. मी शंभरदा सांगितलं, काढू नकोस. ऐकते कुठं!"

मित्रांनो, माझी फळी न् फळी थंड पडली. ज्याने मला घडवले, ज्याच्या हाताचा मला अभिमान होता, त्या माणसाने माझ्या काठाला टेकून उभे राहून हे म्हटले. ताई बाकावर बसली होती. ती मान वळवू शकत नव्हती. ती उठली, अख्खी वळली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"धाकट्या, माझ्याकडं बघून सांग."

तो कागद चाळत राहिला.

"साहेब, याच्या खिशातले स्क्रू बघा," ताई म्हणाली. "आणि यांना विचारा. हे सगळे इथं होते."

होडी बांधणाऱ्याच्या खिशात स्क्रू असायचेच, म्हणून साहेबांनी माणसांनाच विचारले. न्हावी, ज्याची जीभ एरवी आवरत नसे, तो म्हणाला, "गर्दी होती साहेब, नीट दिसलं नाही." सुताराला धाकट्याकडून बारा होड्यांच्या फळ्या कापायचे काम मिळणार होते. तो म्हणाला, "मी नंतर आलो." पोस्टातल्या बाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "बहीण-भावाचं भांडण आहे. आपण कशाला मध्ये पडायचं?"

ताईचा परवाना गेला. आता ती पलीकडच्या खानावळीत भांडी घासते. त्या कामाला मान वळवावी लागत नाही.

मला धाकट्याने कारखान्यात आणले. माझे माप घेऊन बारा होड्या झाल्या, मग पन्नास. प्रत्येकीवर त्याने पहिल्याच दिवशी आरसा बसवला, तोही न निघणारा. मी कोपऱ्यात पडून होते. माझ्यात रंगाचे रिकामे डबे साठत गेले. मग एक दिवस मंडळाने मला इथे, या संग्रहालयात ठेवायचे ठरवले. तेव्हा धाकटा एकटाच माझ्याजवळ आला. त्याच्या केसांत पांढरे दिसत होते. त्याने त्या चार भोकांवर अंगठा फिरवला. मला वाटले, आता तरी हा रडेल. त्याने भोके बुजवायच्या लांबीचा डबा उघडला, चारही भरली, घासून सपाट केली आणि वरून रंग दिला. मी त्याचीच लेक, आणि माझ्या अंगावरची साक्ष त्याने आपल्या हाताने बुजवली. माझे लाकूड कुजले असते तरी मला एवढे दुःख झाले नसते.

मागच्या महिन्यात ताई इथे आली होती. तिकीट काढून आली. ती माझ्याजवळ थांबली आणि तिने वल्ह्याच्या मुठीवर हात ठेवला. ती मूठ तिच्याच हाताच्या मापाने तासलेली आहे.

"ओ बाई, हात लावू नका," पहारेकरी म्हणाला.

तिने हात मागे घेतला. मग ती अख्खी वळली आणि माझ्याशेजारची पाटी वाचू लागली. पाटीवर धाकट्याचे नाव मोठ्या अक्षरांत आहे. खाली लिहिले आहे की चालविणाऱ्या बाईने निष्काळजीपणे आरसा काढल्याने अपघात झाला, आणि त्यातून धडा घेऊन पुढच्या होड्या अधिक सुरक्षित करण्यात आल्या.

"ही कोण बाई?" ताईने विचारले.

"होती कुणीतरी," पहारेकरी म्हणाला.

"हो का," ती म्हणाली आणि गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडे साधारणपणे मागतात ते मला नको. मला पुसू नका, तेल देऊ नका, पाण्यावर नेऊ नका. फक्त कधी तुमच्यासमोर कोणी दुसऱ्याच्या माथी खोटे मारले आणि खरे काय ते तुम्ही पाहिलेले असेल, तर तेवढे बोला. घरचे भांडण आहे, आपल्याला काय करायचे, असे म्हणू नका. मी बोलू शकले नाही, कारण मी होडी आहे. त्या सकाळी धक्क्यावर अकरा माणसे होती.