माझं शेवटचं पान सारजानं वाचलं नाही

मी कादंबरी बोलतेय. निमगाव केतकीच्या वाचनालयातली, वरच्या फळीवरची. वय विचारू नका. पाठीला दोनदा डिंक लागलाय, एवढं पुरे.

मला लिहिणाऱ्यानं बायकांची दुःखं लिहिली, अन् तो लिहीत होता तेव्हा चहा बायकोनंच खोलीत नेऊन दिला. पुढं वीस वर्षं मला कुणी शिवलं नाही. लोक यायचे, पेपर वाचायचे, घोरायचे.

मग आमच्या ग्रंथपालांनी, मोहनरावांनी, बायकांचा वाचनगट काढला. दर बुधवारी दुपारी. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, कादंबरीचा आशय काय वाटतो. बायकांनी आशय बाजूला ठेवला आणि शेंगा फोडायला घेतल्या. त्यांच्यातली सारजा मोठ्यानं वाचायची, बाकीच्या फोडायच्या, आणि मधेमधे माझ्या नायिकेला अक्कल शिकवायच्या. तिच्या नवऱ्याला तर असं काही ऐकवलं, की माझी पानं सुटायला आली. खोटं कशाला बोलू, मजा आली. कपाटात नुसतं उभं राहण्यापेक्षा शिव्या खाल्लेल्या बऱ्या.

गटात सरुबाई होती. तिची लेक स्वराली नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेली. रविवारी सासू न्यायला येणार होती. भावकी म्हणत होती, धाडून दे. सरुबाईचं काही ठरत नव्हतं.

त्या रविवारच्या आधीच्या बुधवारी शेवटचं पान आलं. माझ्यात लिहिलंय, नायिका नवऱ्याच्या दारात परत जाते, त्याच्या पायाशी बसते. लिहिणाऱ्याला त्यासाठी हारतुरे मिळाले. सारजानं पान बघितलं, सरुबाईकडं बघितलं, आणि धडधडीत वाचलं, की बाईनं दार लावून घेतलं अन् शिवणाचं मशीन आणलं.

माझा संताप झाला. माझ्यात मशीन नाहीच.

मोहनराव खाकरले. "सारजाक्का, असं कुठं लिहिलंय?"

"वाचतंय कोण, तुमी का मी?"

तेवढ्यावर भागलं असतं. पण सरुबाई म्हणाली, ही कादंबरी मला घरी न्यायचीय, लेकीला वाचून दाखवते. सारजाचं तोंड उतरलं. सरुबाई चौथी शिकलेली. बोट ठेवून का होईना, वाचते.

शनिवारी संध्याकाळी चुलीपाशी तिचं बोट शेवटच्या पानावर आलं. तिनं ते दोनदा वाचलं. छापलेलं बदलायची मला सोय नाही.

"सारजीनं खोटं वाचलं," ती म्हणाली.

"मग खरं काय हाय?" स्वरालीनं विचारलं.

सरुबाईनं मला मिटलं. "ते उद्या तुझ्या सासूलाच सांगते."

सासू आली, चहा प्याली, आणि एकटीच परत गेली.

आता मला न्यायला नंबर लागतात. सगळ्याजणी शेवटच्या पानावर येऊन माझ्याशी भांडतात. तुम्हीही न्या. पण एकट्यानं वाचू नका. चारजणी गोळा करा, मोठ्यानं वाचा, आणि मी चुकले असेन तिथं तोंडावर सांगा. मला लिहिणाऱ्याला ते कुणी सांगितलंच नाही.