सुरभीचा कऱ्हा

माझी नणंद श्रद्धा, तिच्या लग्नात करवली म्हणून शेजारच्या जगदीशभाऊंची मुलगी ठरली, हे मला कोणी सांगितलंसुद्धा नाही. तिच्या मापाचं परकर-पोलकं शिवून घरात आलं तेव्हा कळलं. नवरीच्या मागे पाण्याचा कऱ्हा घेऊन उभं राहायचा मान घरातल्या पोरीचा. आणि घरात पोर आहे. माझी सुरभी, चार वर्षांची.

सुरभी आधी 'बाबा' म्हणायची. कुरमुरा चिमटीत धरायची. मग शब्द गेले, चिमूट गेली. दोन्ही हात छातीशी आणून एकमेकांवर घासत राहायची. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, "बघ गं, वाती वळते माझी बाय." आम्ही हसायचो. कसे हसलो, देव जाणे.

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी तिची जनुकं तपासून सगळं समजावलं. माझा नवरा राजेश आणि मी शेजारी बसून ऐकलं. पेशीतल्या सगळ्या जनुकांनी एकदम बोलायचं नसतं. कोणाला गप्प बसवायचं हे बघणारी प्रथिनं असतात. सुरभीचं त्यातलंच एक बिघडलंय. मेंदूतल्या पेशी मेलेल्या नाहीत, पण त्यांच्या फांद्या नीट फुटत नाहीत, एकमेकींपर्यंत पोचत नाहीत. हेच प्रथिन काही कॅन्सरांमध्ये गरजेपेक्षा जास्त सापडतं, म्हणून तिकडचे लोकही त्याच्यामागे लागलेत. पण सुरभीला कॅन्सर नाही. आमचं दोघांचं रक्तही त्यांनी तपासलं होतं. बिघाड आमच्यात नव्हता, तिच्यात नव्यानं झालेला. असा बदल बहुतेकदा बापाकडून आलेल्या जनुकात होतो, म्हणाल्या, पण दोष कोणाचाच नाही.

घरी आल्यावर राजेशनं आईला हे सांगितलं आणि त्यातला एकच शब्द त्यांच्या कानात राहिला. कॅन्सर. माझी आई मोहोपाड्याला छातीच्या कॅन्सरनं गेली. झालं. "तुझ्या आयशीचा रोग पोरीत उतरला," हे मी भाकऱ्या थापताना ऐकलं, कपडे वाळत घालताना ऐकलं. आईला जाऊन किती वर्षं झाली, आता तिच्यावर हे बालंट. आणि राजेश मोबाईलमध्ये डोकं घालून बसायचा. सासूबाईंवर मी निम्मंच रागावते. त्या तिथे नव्हत्या. हा होता.

सुपारी फोडायला नेरळची मंडळी आली, त्या दिवशी मला मागच्या खोलीत बसायला सांगितलं. पोरीला गर्दी सोसत नाय म्हणे. सुरभीला माणसं किती आवडतात हे त्या घरात मला एकटीलाच माहीत असावं. चहाला हाक आली म्हणून मी उठले, तशी तीही पाय फाकवत, डुलत माझ्यामागून बाहेर आली आणि थेट नवऱ्यामुलाच्या आईसमोर, गोदाबाईंसमोर जाऊन उभी राहिली. ती माणसाच्या डोळ्यांत बघते. हात चालूच.

"ही कुनाची गं?" गोदाबाईंनी विचारलं.

"शेजारची हाय," सासूबाई म्हणाल्या. "येते खेलायला."

मी ट्रे खाली ठेवला.

"शेजारची नाही, आई. तुमची नात आहे." मग मी राजेशकडे वळले. "अहो, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगा. तुम्ही होतात ना तिथे?"

कोणीतरी खाकरलं. श्रद्धानं मान खाली घातली. राजेश तबकातल्या सुपारीकडे बघत राहिला, इतका वेळ की मला वाटलं, आता मीच बोलायचं.

"आई, हिच्या आईच्या रोगाचं त्यात काय नाय," तो म्हणाला. "कुणाकडून उतरलेलं नाय ते. आणि कुणाकडचं म्हणायचंच असलं, तर माझ्याकडचं म्हण."

एवढंच. एवढ्यासाठी मी वर्षभर त्याच्या तोंडाकडे बघत होते.

गोदाबाई सुरभीकडे वळल्या. मग त्यांनी विचारलं, "जेवते काय ही?" मी म्हटलं, वरणभात, मऊ कालवून. "मग बसवा की पंगतीला," त्या म्हणाल्या. त्यांच्या मनात काय होतं मला ठाऊक नाही. सुपारी फुटली. मंडळी गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, घराची लाज काढलीस, आणि लग्नापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. श्रद्धाही तुटक वागली. तिचं लग्न मोडलं असतं, तर? तिचं बरोबर आहे. आणि माझ्या लेकीला तिच्याच घरात शेजारची म्हटलं, तेही खरं आहे.

लग्नात मी कोणाला विचारलं नाही. अंतरपाट धरला तशी सुरभीला कडेवर घेऊन श्रद्धाच्या मागे जाऊन उभी राहिले. जगदीशभाऊंची मुलगी तिथे होतीच, नव्या परकरात. बिचारीचा काय दोष. मी तिला म्हटलं, तूही इथेच राहा. श्रद्धानं मागे वळून पाहिलं. एकदा माझ्याकडे, एकदा सुरभीकडे. मग त्या मुलीच्या हातून कऱ्हा घेऊन तिनं माझ्या हातात दिला.

मी तो सुरभीच्या पोटाशी धरला. तिचे हात त्याच्यावर घासत राहिले, वरचा नारळ हलत राहिला, थोडं पाणी माझ्या शालूवर सांडलं. हात थांबले नाहीत. ते थांबावेत, अशी माझी अटच नव्हती.