फ्रीज बंद करून गायलेलं गाणं

आमच्या ह्यांनी आजवर माझ्या गाण्याला एकदाही चांगलं म्हटलेलं नाही. वाईटही म्हटलं नाही म्हणा. मी गायला लागले की टीव्हीचा आवाज वाढवायचा, एवढंच. त्यामुळे कराओके ग्रुपमध्ये नाव घातलं तेव्हा मी ह्यांना विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

ग्रुपचे प्रमुख अभय सर. गेल्या वर्षी मला म्हणाले, "सत्यशीलाताई, तुम्ही कोरसमध्येच शोभता." अस्सा राग आला! यंदा कार्यक्रमात एकट्याने गायचं असेल त्याने घरीच ट्रॅकवर गाणं रेकॉर्ड करून रविवारी संध्याकाळी सातच्या आत पाठवायचं होतं. आवाज स्वच्छ हवा, मागे कसलाही गोंगाट नको. म्हटलं, पाठवते. दाखवतेच सरांना कोरस.

लेकाने माईक जोडायचा छोटा साउंड मिक्सर पाठवला होता. वायरी जोडायचं काम ह्यांनी आपणहून घेतलं. फॅक्टरीत उभं आयुष्य गेलेल्या माणसाला लोंबती वायर बघवत नाही. पहिल्यांदा ट्रॅक स्पीकरवर लावला, तर तबला, व्हायोलिन सगळं परत माझ्या माईकमध्ये शिरलं आणि गाण्याचा नुसता काला झाला. मग स्पीकर बंद करून दोघांनीही कानांना हेडफोन लावले. तर फ्रीजची घरघर ऐकू यायला लागली. फ्रीज बंद केला, पंखा बंद केला. एकदा ऐन अंतऱ्यात खडकी स्टेशनात लोकल भोंगा देत शिरली.

"एको जरा वाढवा की," मी म्हटलं. "मंडपात असतो तसा."

"विहिरीत पडून गाणार आहेस का?" हे म्हणाले आणि होता तोही कमी केला.

मग मी डोळे मिटले आणि गायले. आणि अहाहा, काय लागला हो आवाज! स्वतःचं कौतुक करू नये म्हणतात, मी करणार. वरचा सूर असा धरला की मलाच सोडवेना. तेवढ्यात समोरून कुणीतरी ओरडलं, "व्वा! जियो!"

डोळे उघडले. आमचे हे! कानांवर हेडफोन, त्यामुळे आपण केवढ्याने ओरडलो हे त्यांना कळलंच नव्हतं. माझं तोंड बघून कळलं. हेडफोन काढून घाम पुसत बसले.

"वाट लागली," म्हणाले. "डिलीट करतो. पुन्हा गा."

"खबरदार हात लावलात तर!"

"अगं, माझा आवाज आलाय त्यात. असं पाठवलंस तर बाद होशील."

"पाठवत नाही. पण डिलीट करायचं नाही."

ते मी वेगळं ठेवून दिलं आणि पुन्हा उभी राहिले. घसा दमला होता, सात वाजत आले होते, पण आता मला कोण अडवणार होतं? गायले, आणि मान वर करून गायले. हे समोर दोन्ही हातांनी तोंड दाबून बसले होते. वरच्या सुराला त्यांचे खांदे हलले ते मी बघितलं. गाणं वेळेत गेलं.

दुसऱ्या दिवशी अभय सरांचा मेसेज आला, 'ताई, समारोपाचं गाणं तुमचं. एकटीचं.' मी तो ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

"इतकं काही नाचायला नको," पेपरातून डोकं वर न काढता हे म्हणाले.

"बोला, काय बोलायचं ते बोला," मी म्हटलं. "पुरावा आहे माझ्याकडे."