पन्नास खुंट्यांची फळी

मित्रांनो, जरा टेकून बसा. माझी गोष्ट फार लांब नाही, पण भरभर सांगण्याइतका दम आता माझ्यात उरलेला नाही. ‘चला, भरभर, भरभर’ हेच ऐकण्यात माझा जन्म गेला. मी एक म्हातारी लाकडी फळी आहे. हातभर लांब, वीतभर रुंद. अंगावर पन्नास भोकं आणि बाजूच्या खोलगट वाटीत पन्नास पितळी खुंट्या. चुलीत घातलंत तर माझ्यावर घोटभर चहासुद्धा धड उकळायचा नाही. तरीही विजेचे मीटर जोडणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला घरी पाठवायचं, हे वीस वर्षं मी ठरवत होते. म्हणजे, मी ठरवते असं लोक म्हणायचे. मला कोणी विचारलं नव्हतं.

मला घडवलं कारखान्यातल्या सुतारकाकांनी, पण माझं चित्र काढून दिलं होतं परीक्षाबाईंनी. या बाई मानसशास्त्र शिकून आल्या होत्या. त्या आल्या तेव्हा कामगारांत कुजबुज झाली, की ही बाई नुसतं बघून मनातलं ओळखते. चार दिवस लोक त्यांच्यासमोर मनात काही आणायलाही घाबरत होते म्हणे! बाईंना मनातलं वगैरे काही कळत नव्हतं. त्यांना जे कळायचं ते बघत बसल्यामुळे कळायचं. जोडणीच्या खात्यात एक स्टूल घेऊन त्या तीन महिने बसून होत्या. मीटरच्या पोटात केसाएवढी बारीक स्प्रिंग असते. ती चिमट्यात धरून जागेवर बसवायची, जोर झाला की तुटते, हात हलला की उडून जाते. ते काम बाई बघत राहायच्या. पहिले पंधरा दिवस तर वहीत काही लिहायच्याच नाहीत. ‘मी बघते म्हणून सगळे जास्तच नीट काम करताहेत, माझी सवय होऊ दे’, असं म्हणायच्या.

मग मी तयार झाले. पण बाईंनी मला लगेच कामाला जुंपलं नाही. आधी त्यांनी मुकादमांकडून एक यादी बंद पाकिटात घेतली, कोणाचं काम सगळ्यांत चांगलं, कोणाचं त्याखाली, असं करत थेट शेवटपर्यंत. मग जुन्याच साठ कामगारांना एकेक करून माझ्यासमोर बसवलं. दीड मिनिटात जमतील तेवढ्या खुंट्या भोकांत बसवायच्या. आणि मग दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. जे मुकादमांच्या यादीत वर, ते बहुतेक माझ्याही यादीत वर निघाले. बहुतेक, सगळे नव्हेत. छत्तीस किंवा त्याहून जास्त खुंट्या जो बसवेल त्याला जोडणीत घ्यायचं ठरलं.

बाईंनी ऑफिसात सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, “ही फळी फक्त एवढंच सांगते, की या हातांना हे काम लवकर जमेल का. माणूस कसा आहे ते हिला कळत नाही. आणि दर दोन-तीन वर्षांनी काम आणि आकडा पुन्हा ताडून बघा. हिच्यावर डोळे झाकून विसंबू नका.” सगळ्यांनी मान डोलावली. बैठकीत मान डोलवायला काय लागतं?

माझ्यासमोर बसलेल्या पहिल्या नव्या उमेदवारांत एक पंचवीसेक वर्षांची बाई होती. अंगानं किरकोळ, बोलणं तिखट. तिनं दीड मिनिटात सत्तेचाळीस खुंट्या बसवल्या आणि वर विचारलं, “झालं? मला वाटलं परीक्षा आहे!” पुढे चिमटा म्हणजे तिचा जीव की प्राण झाला. तो सदा वरच्या खिशात, म्हणून सगळे तिला चिमटाताई म्हणू लागले. दुसऱ्यांनी हात टेकलेली स्प्रिंग तिच्याकडे यायची आणि ती गप्पा मारता मारता बसवून द्यायची. त्या दिवसांत माझंही कौतुक व्हायचं. पाहुणे आले की मला दाखवायला काढायचे. ‘ही आमची फळी, हिनंच असले हात निवडले!’ मीही फुशारून जायचे. आता आठवलं की लाज वाटते.

तिसऱ्या वर्षी बाईंची जागा कमी केली. ‘बाईंचं काम झालं, आता फळी आहेच की!’ असं कोणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं. बाई गेल्या, मी राहिले. परीक्षा घ्यायला एक कारकून बाई आली. हातात सदा ते टिकटिक घड्याळ, म्हणून ती घड्याळबाई. आणि मला सांभाळायला आले पॉलिशमामा.

पॉलिशमामांविषयी वाईट बोलायला माझी जीभ उचलत नाही. दरवर्षी मोठ्या पाहणीच्या आधी ते ऑफिसातलं सगळं लाकूडसामान चकचकीत करायचे. टेबलं, खुर्च्या, दारं आणि शेवटी मी. माझ्यासाठी ते मऊ फडकं वेगळं ठेवायचे. खुंट्या काढून, मला मांडीवर घेऊन, एकेका भोकाच्या आतूनसुद्धा पॉलिशचं बोट फिरवायचे. वर म्हणायचे, “म्हातारे, तुला मी मरू देत नाही बघ.” इतक्या मायेनं मला कोणीच हाताळलं नाही.

मित्रांनो, तुमच्या लक्षात आलंच असेल. पॉलिशचा थर पातळ असतो, पण दरवर्षी एक. भोकं आतून भरत गेली. खुंटी आधी आपोआप उतरायची, मग जरा टेकवावी लागायची, मग दाबावी लागायची. पहिल्या तीन-चार वर्षांत कोणालाच कळलं नाही. मला कळत होतं, पण मी सांगणार कशी? मला फक्त भोकं दिलेली आहेत, तोंड नाही.

आकडे उतरू लागले. बेचाळीस, एकोणचाळीस, छत्तीस, चौतीस. दहा उमेदवार आले तर जेमतेम दोन पास व्हायचे. तेव्हा माझ्याकडे संशयानं बघणारा एकही निघाला नाही. सगळे माणसांकडे बघत होते. “आजकालच्या पोरापोरींच्या हातात कसबच राहिलेलं नाही,” असं मुकादम म्हणायचे, साहेब म्हणायचे, चहावालासुद्धा म्हणायचा. आणि जे पास व्हायचे ते कोण? जे खुंटी दणकन ठोकायचे ते. तेच हात आत जाऊन नाजूक स्प्रिंगांवर बसले. स्प्रिंगा पटापट तुटू लागल्या. ऑफिसनं काय करावं? भिंतीवर ‘लक्ष देऊन काम करा’ असे फलक लावले आणि दर सोमवारी भाषण ठेवलं. मी कपाटात पडून ते भाषण ऐकायचे आणि मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अठराव्या वर्षी नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. आधीपेक्षाही लहान मीटर बनवायचा होता. साहेबांनी हुकूम काढला, की बारीक कामावरच्या चाळिशीपुढच्या सगळ्यांची फळीवर पुन्हा परीक्षा घ्या. छत्तीसच्या खाली जाईल तो पॅकिंगमध्ये.

चिमटाताई आली तेव्हा मला तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की बाई गं, बसू नकोस. ती हसतच बसली. घड्याळबाई तिची जिवाभावाची मैत्रीण झाली होती. दोघी परीक्षेच्या खोलीतच डबा खायच्या. घड्याळबाईनं “चल” म्हटलं आणि चिमटाताईनं पहिली खुंटी उचलली. तिच्या हाताची ती जुनी लय मला बरोबर आठवत होती. खुंटी भोकावर ठेवायची आणि सोडून द्यायची. पण ती सोडली की अर्ध्यातच अडकायची. चिमटाताई परत मागे यायची, ती दाबायची. तिच्या कपाळावर घाम आला. जोर लावणं तिच्या बोटांना ठाऊकच नव्हतं. दीड मिनिट संपलं. तेहतीस.

“परत घे ना एकदा,” ती म्हणाली.

“एकदाच घ्यायची असं लिहिलंय गं,” घड्याळबाई खाली बघून म्हणाली.

साहेबांनी तिला समजावलं, “वय होतंच प्रत्येकाचं. वाईट वाटून घेऊ नका.” हे ते खरोखर चांगल्या मनानं म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून चिमटाताई खोक्यांना चिकटपट्टी लावायला बसली. चिमटा तिनं मुकादमांच्या टेबलावर ठेवून दिला.

डबा खायला ती यायची, पण तिचा तिखटपणा पार गेला होता. एकदा म्हणाली, “घरी सुईत दोरा ओवायला मी आता सासूबाईंना सांगते. त्या ओवतात, सत्तर वर्षांच्या. कप फुटला की सगळे आधी माझ्या हातांकडे बघतात.” घड्याळबाई म्हणाली, “अगं, काहीतरीच काय!” पण तिच्या आवाजात जोर नव्हता, कारण आकडा तिनंच लिहिला होता. मित्रांनो, खरं सांगते, चिमटाताईचे हात आता खरंच थरथरायला लागले होते. मी खोटं बोलले होते, पण तिनं ते खरं मानलं, आणि हातांनीही तेच मानलं.

अशी दोन वर्षं गेली. मग पाहणीच्या आधी पॉलिशमामा आले. माझ्यावर हात फिरवून, वाळवून झाल्यावर, दोघी मैत्रिणी शेजारी डबा खात असताना त्यांनी नेहमीसारख्या खुंट्या परत लावायला घेतल्या. एक अडकली. त्यांनी तळहातानं ठोकली आणि हसून म्हणाले, “आता दरवर्षी जरा जास्त ठोकावं लागतं हिला.”

चिमटाताईचा घास हातातच राहिला. “जास्त म्हणजे? आधी लागत नव्हतं?”

“छे! आधी नुसती ठेवली की आत. नवीन होती ना तेव्हा.”

ती उठली. हात धुतले. केसातली पिन काढून तिनं ती माझ्या एका भोकात घातली आणि हळूच आतून गोल फिरवली. पिवळ्या पॉलिशची एक बारीक साल वळून बाहेर आली. तिनं पुन्हा फिरवली. आणखी एक. तिचे हात तेव्हा अजिबात थरथरत नव्हते, हे तिच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. भोक साफ झालं तशी तिनं एक खुंटी त्यावर ठेवली आणि सोडली. खुंटी टक् करून तळाला गेली.

मग घड्याळबाई रडू लागली. पॉलिशमामा बिचारे कधी माझ्याकडे बघत, कधी आपल्या फडक्याकडे. “मी तर जपत होतो गं हिला,” एवढंच ते म्हणाले.

घड्याळबाई मला उचलून तडक साहेबांकडे घेऊन गेली. साहेबांनी स्वतः खुंट्या बसवून बघितल्या. न साफ केलेल्या भोकांत चोवीस, सगळी साफ केल्यावर पस्तीस. मग म्हणाले, “हे लोकांना सांगायचं कसं?”

“जसं झालं तसं,” घड्याळबाई म्हणाली.

चिमटाताईची परीक्षा परत झाली. पंचेचाळीस. तिला जोडणीत परत बोलावलं. तिनं मात्र एकच गोष्ट मागितली. “मी तर चार भिंतींच्या आतली, मला परत जागा मिळाली, पण रजिस्टरात नापास म्हणून लिहिलेले बाकीचे लोक कुठे आहेत? त्यांना कळवा.” साहेबांनी मागच्या आठ वर्षांचं रजिस्टर काढायला लावलं. सहाशे बारा नावं. प्रत्येकाला एक पत्र गेलं, की चूक तुमच्या हातांची नव्हती, आमच्या फळीची होती, पुन्हा परीक्षा द्यायची असेल तर या.

उत्तरं आली एकोणचाळीस. बाकीचे कुठे गेले, काय करतात, कोणाला ठाऊक? त्यांचा विचार आला की मला अजून गाढ झोप लागत नाही. ही उत्तरं घड्याळबाई डबा खाताना वाचून दाखवायची. कोणी रागानं लिहिलं होतं, कोणी येतो म्हणून कळवलं होतं. एकानं लिहिलं होतं, “नोकरी नको, आता मी दुसरीकडे आहे. तुमच्या पत्रावर शिक्का नाही. तेवढा मारून परत पाठवा. वडील नेहमी म्हणत, याच्या हातून काही नीट होत नाही. ते गेले. आईला दाखवायचं आहे.”

घड्याळबाईनं ते पत्र बाजूला ठेवलं. चिमटाताई बराच वेळ डब्याच्या झाकणाशी खेळत बसली. मग म्हणाली, “मलापण एक पत्र दे. शिक्का मारून.”

“तुला कशाला? तू तर परत जोडणीत आलीस. घरी दाखवायला का?”

“नाही गं,” ती म्हणाली. “सकाळी स्प्रिंग उचलायच्या आधी वाचायला. अजून पहिल्या स्प्रिंगला भीती वाटते.”

ते पत्र तिच्या खिशात आहे. रोज सकाळी ती ते उघडते, वाचते, घडी घालते आणि मग कामाला लागते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. पुसत जा, जपत जा, अडगळीत टाकू नका, असं. माझं म्हणणं निराळं आहे. मला जपू नका. मी खूप थकले आहे, मला चकचकीत व्हायचं नाही. पण उद्या तुम्ही कोणाची परीक्षा घ्याल, कोणाला पास म्हणाल, कोणाला नापास. त्याआधी माझ्यासारख्या फळ्यांच्या भोकांत एकदा बोट घालून बघत जा. माणसाला घरी पाठवायला दीड मिनिट पुरतं. चिमटाताई अजून रोज सकाळी ते पत्र वाचते.