तुमच्यात सूत किती

लिंबाजीरावांचं पत्र त्र्याऐंशीच्या जुलैत आलं. साधं पोस्टकार्ड होतं. ‘उन्हाळा गेला. तुमच्यात आता सूत किती हाय ते कळवा. कमी असंल तर बेस, जास्त असंल तर चूक माझी. लाजू नका, खरं लिव्हा. दुसरी करायची का न्हाई ते त्याच्यावर ठरवतो.’

मी उत्तर दिलं नाही. एक-दोन वर्षं नव्हे, तेहतीस वर्षं.

लिंबाजीराव नांदेडात गायन पार्ट्यांच्या पेट्या, बॅन्जो आणि माईक दुरुस्त करायचे. मी तिथल्या एका सरकारी कार्यालयात कारकून होतो. दुपारी डबा खायला मी त्यांच्या दुकानात बसे, कारण तिथे कुणी माझ्याशी बोलण्याचा आग्रह धरत नसे. रद्दीतल्या एका इंग्रजी मासिकात त्यांना इलेक्ट्रिक गिटारचा फोटो सापडला. सायीच्या रंगाची, दोन शिंगांची, तेव्हाच पंचवीस वर्षं जुन्या धर्तीची. फोटोवरून मापं काढून त्यांनी तशी गिटार केली. लाकूड एका पाडलेल्या घराच्या सागवानी चौकटीचं. तारांचा आवाज पकडणारी आतली गुंडाळी केसाएवढ्या तारेची, हातानं वळलेली, आणि लोहचुंबक फुटक्या स्पीकरचे. वर्षभर मी ते काम पाहत होतो. गिटार झाली तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. पार्टीवाल्यांना बॅन्जो हवा होता. मी घेतली.

मला वाजवता येत नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर वेगळा जिल्हा झाला आणि माझी बदली नव्या कार्यालयात झाली. एसटीत गिटार चादरीत गुंडाळून मांडीवर घेतली. कंडक्टर म्हणाला, “सायेब, आत कोण हाय? झोपलेलं असलं तरी तिकीट लागंल.” सगळी बस हसली. मी खरंच अर्धं तिकीट काढायला निघालो होतो.

पुढच्या वर्षी पत्र आलं. सूत जमणे हा वाक्प्रचार मला ठाऊक होता. ‘तुमच्यात सूत किती’ म्हणजे गिटारचं आणि माझं कितपत जमलं, असा अर्थ मी घेतला. ‘कमी असंल तर बेस’ इथे मात्र अडलो. लिंबाजीराव बौद्ध. त्यांच्या दुकानात मी तृष्णेविषयी, आसक्तीविषयी पुस्तकं वाचलेली. मला वाटलं, गिटारवर जीव जडू देऊ नका असं ते सुचवताहेत. माझा तर जडला होता. रोज ऑफिसातून आल्यावर मी ती तिच्यासाठी करून घेतलेल्या लाकडी पेटीतून काढून पुसायचो आणि परत ठेवायचो. वाजवणं नाही, नुसतं बाळगणं. हे खरं कसं लिहायचं? मी आसक्तीवर चार पानं लिहिली, फाडली, पुन्हा लिहिली. मग तारा सैल करून पेटी कपाटावर ठेवून दिली. पत्र मात्र जपून ठेवलं.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या दिवसांत घरातलं सगळं लाकूड आकसलं. पुस्तकांच्या कपाटाचं दार लागेना, म्हणून नरसिंग मिस्त्रीला बोलावलं. त्यानं दाराला मोजपट्टी लावली.

“दोन सूत फट पडली की, सर.”

“सूत?”

“सूत म्हंजी सूत. इंचाचे आठ सूत.” तो कपाटाकडे पाहून हसला. “एवढी पुस्तकं वाचली अन् सूत न्हाई ठावं? कोणत्याच बुकात न्हाई का?”

मी खुर्चीवर बसलो. सरस्वतीबाई, माझी पत्नी, पाण्याची घागर खाली ठेवून म्हणाली, “अहो, काय झालं? चक्कर आली का?”

मी तिला पत्र दाखवलं आणि तेव्हा घेतलेला अर्थ सांगितला. तिनं ते दोनदा वाचलं. “म्हंजी त्यो मानूस माप इचारत व्हता? अन् तुम्ही वैराग्य धरून बसलात?”

लिंबाजीरावांना तारा आणि गिटारची दांडी यांतलं अंतर हवं होतं. पहिल्या उन्हाळ्यात लाकूड वाकलं तर अंतर वाढतं. वाकलं नसेल तरच ते दुसरी गिटार करणार होते.

दुसऱ्या दिवशी नांदेडला ग्यानोबांना फोन केला. ते माझे जुने सहकारी. लिंबाजीराव आहेत का, एवढंच विचारलं.

“हायत की, देविदासराव. ऐंशी पार केली. पंखे दुरुस्त करत व्हते, आता बसून असतेत. गिटारीचं काढलं की म्हणतेत, एकच केली, तीबी वाकली. गिऱ्हाईक भला मानूस व्हता, तोंडावर सांगायची लाज वाटली त्याला, म्हणून कागदबी न्हाई धाडला.”

“त्यांना फोन देता का?”

“आता ऐकायला येत न्हाई त्यायला. लिहून द्या. वाचतेत, चष्मा लावून.”

लगेच लिहावंसं वाटलं, पण लिहायचं काय? गिटार खरंच वाकली असेल तर? तारा मी सैल करून ठेवल्या होत्या. ताण नसलेली दांडी सरळ राहिली, त्यात लिंबाजीरावांचं कौतुक काय? ते माप खोटं ठरलं असतं. जुन्या तारा गंजल्या होत्या. गिटार घेऊन बाजारात गेलो, नव्या घेतल्या. दुकानदार मला त्या बसवून दाखवताना विचारत होता, “नातवासाठी का?” मी हो म्हणालो. हे खोटं होतं, पण तेवढं चालेल असं वाटलं.

तारा ताणून गिटार नऊ दिवस भिंतीला टेकवून ठेवली. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश. रोज सकाळी मी दांडीकडे एका डोळ्यानं पाहायचो आणि रोज मला ती वाकलेली दिसायची. सरस्वतीबाई म्हणाली, “ती सरळच हाय. तुमची मान वाकडी हाय.”

नवव्या दिवशी नरसिंगला पुन्हा बोलावलं. दांडीवरच्या बाराव्या पितळी पट्टीवर त्यानं पोलादी मोजपट्टी उभी धरली, डोळा खाली आणला.

“जाड तारेखाली पाऊण सूत. बारीक तारेखाली अर्धा.”

“नक्की? पुन्हा मोज.”

“सर, तिसऱ्यांदा मोजायलोय. कोन्या मिस्त्रीची हाय ही?”

“नांदेडच्या.”

“हात बसलेला व्हता त्याचा,” असं म्हणून त्यानं दांडीवरून अंगठा फिरवला. “आजकाल दारंबी एवढी सरळ ऱ्हात न्हाईत.”

पोस्टकार्ड घेतलं. चार पानं लिहायची सवय, म्हणून मुद्दाम पोस्टकार्ड. पहिलं खराब झालं. त्यावर मी सूत या शब्दाची व्युत्पत्ती लिहायला लागलो होतो. दुसऱ्यावर लिहिलं:

‘लिंबाजीराव, सप्रेम जयभीम. जाड तारेखाली पाऊण सूत, बारीक तारेखाली अर्धा. नऊ दिवस पूर्ण ताणावर ठेवून मोजलं. मोजणारा माणूस सुतार आहे, मी नव्हे. दांडी वाकली नाही. चूक तुमची नव्हती. तुमचं कार्ड मला कळलं नाही आणि ते विचारायची मला लाज वाटली, ही चूक माझी. मला वाजवता येत नाही. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. दुसरी केली असतीत तर बरं झालं असतं. – देविदास.’

शेवटचं वाक्य खोडावं का, यात अर्धा तास गेला. खोडलं नाही. पत्ता ग्यानोबांनी सांगितला तसा लिहिला, आणि दुपारचं टपाल निघण्याआधी पोस्टात जाऊन कार्ड पेटीत टाकलं.