दगडी सापाचा पत्ता

भिंगरी हे नाव ऐकून कुणालाही वाटावं की ही एखादी चुणचुणीत पोरगी असेल. पण भिंगरी होता चव्वेचाळीस वर्षांचा, जाड मिशांचा, दातांच्या कवळ्या बनवणारा गृहस्थ. नाव ठेवलं होतं आईने. "हा पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आला," असं ती म्हणायची, आणि ते तंतोतंत खरं होतं. शाळेच्या बाकावर, दवाखान्याच्या रांगेत, दुसऱ्याच्या लग्नात, कुठेही बसवा, त्याचा एक गुडघा हलत असायचाच. हात तेवढे स्थिर. मेणात एकेक दात बसवताना ते केसभरही चळत नसत.

हा माणूस रविवारी सकाळी साप शोधायला जायचा. पकडायला नाही, फोटो काढायला. हे वेड त्याला मास्तरांनी लावलं. मास्तर खरं तर मास्तर नव्हतेच, शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवून आयुष्य काढलेले सहायक होते. पण सापांबद्दल त्यांच्याइतकं कुणाला कळत नसे, म्हणून सगळे मास्तर म्हणत. दहा वर्षं दोघं जोडीने माळ तुडवत हिंडले. मग मास्तरांचे गुडघे गेले. तेव्हापासून भिंगरी एकटाच जायचा आणि दुपारी त्यांच्याकडे जाऊन फोटो दाखवायचा.

मास्तरांचे नियम तीनच. उचललेला दगड होता तसाच ठेवायचा. सापाला त्रास द्यायचा नाही. आणि जागा कुणाला सांगायची नाही. "सख्ख्या भावालाही नाही," ते म्हणत. "भाऊ चांगला असेल रे, पण भावाचा मित्र कसा असेल ते तुला काय ठाऊक?"

त्या रविवारी बंद पडलेल्या खाणीत भिंगरीला दगडी साप दिसला. हातभर लांब, विषारी, अंगाचा रंग हुबेहूब दगडाचा आणि पाठीवर विटकरी ठिपके. मास्तरांनी तो उभ्या आयुष्यात एकदाच पाहिला होता. भिंगरीने घाईघाईने कॅमेरा बाहेर काढला. पण साप काही केल्या थांबेना. कॅमेरा डोळ्याला लावला की तो सरकायचा, पुढे गेलं की कपारीकडे वळायचा. शेवटी भिंगरीने डोक्यावरची टोपी काढून काठीने त्याच्यावर पालथी ढकलली आणि अर्धा तास वाट पाहिली. अंधार झाला की साप वेटोळं करून गप्प बसतो. टोपी उचलली तेव्हा तो डोकं अंगावर टेकवून असा बसला होता, जणू फोटोसाठीच आला होता.

संध्याकाळी त्याने तो फोटो सापवेड्यांच्या ग्रुपवर टाकला. फोन नुसता उड्या मारायला लागला. मग तो मास्तरांकडे गेला. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला, "छान आलाय," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. टोपीचं भिंगरी काही बोलला नाही.

सोमवारी एका अनोळखी माणसाचा फोन आला. "दादा, तीन वर्षं या सापासाठी वणवण करतोय. असा फोटो मी आजवर पाहिला नाही. तुमच्याकडून शिकायला हवं हो." दादा हरभऱ्याच्या झाडावर चढले ते चढलेच. बोलता बोलता खाण कुठली, मोडका वजनकाटा कुठे, त्याच्यामागचा दगडांचा तिसरा ढीग कोणता, सगळं सांगून भिंगरी मोकळा झाला. फोन ठेवला तेव्हा त्याला मास्तरांचा तिसरा नियम आठवला.

मंगळवारी त्याने त्या माणसाला निरोप पाठवला, 'जाणार असाल तर मला कळवा, मीही येतो.' उत्तर नाही. फोन लावला, तर उचलला नाही. बुधवारी मास्तरांनीच विचारलं, "कुणी जागा विचारली का रे?"

"नाही बुवा," भिंगरी म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की त्याचं त्यालाच खटकलं.

त्या दिवशी त्याने एका म्हाताऱ्याच्या कवळीत डावा सुळा उजवीकडे बसवला. तो काम करायचा त्या कवळ्यांच्या प्रयोगशाळेच्या बाईंनी कवळी उजेडात धरली. "अहो, हे आजोबा हसले तर नातवंडं घर सोडून पळतील! लक्ष कुठंय तुमचं?"

घरी बायको तेच विचारत होती. भाजीत मीठ नाही हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. "अहो, झालंय तरी काय? टेबलाचा पाय हलतोय की तुमचा?"

"डोकं दुखतंय गं."

"डोकं दुखलं की गुडघा हलतो, हे मला नवीनच."

गुरुवारी सकाळी त्याने कामावर कळवलं की तब्येत बरी नाही, आणि घरी सांगितलं की कामावर जातो. डबा घेऊन बसमध्ये बसला आणि थेट खाणीच्या फाट्यावर उतरला.

वजनकाट्याच्या मागे पोचला आणि जागीच थबकला. तिसरा ढीग ढीग राहिलाच नव्हता. दुसराही नाही. दगड उचलून वाटेल तसे फेकलेले, त्यांच्या ओल्या बाजू उन्हात वाळत पडलेल्या. खाली गार मातीत राहणारे किडे, पालींची अंडी, सगळं उघड्यावर. आणि पलीकडे एक तरुण गुडघे टेकून बसला होता. समोर शेवाळाने सजवलेला एक ओंडका, आणि शेजारी बर्फाचा डबा.

"दादा! या ना," तो फोनवरच्याच आवाजात हसून म्हणाला. "सापडला बघा. अजून दोन फोटो राहिलेत."

"साप कुठंय?"

"डब्यात. दहा मिनिटं गार केला की हलत नाही, मग हवा तसा ठेवता येतो."

भिंगरीचं डोकं भणाणलं. "अरे, मरेल तो! काही लाज?"

तरुणाचं हसू मावळलं. "लाज मला एकट्यालाच का? तुमच्या फोटोत तो कसा बसला होता? आपणहून? हा साप असा बसत नाही, मलाही कळतं. काय वापरलंत?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण बाहेर खरंच पडलं. "टोपी."

"मग? तुमची टोपी, माझा बर्फ."

भिंगरीने सरळ जाऊन डबा उचलला, सपाट दगडाशी नेला आणि झाकण उघडून हळूच कलता केला. बर्फाच्या पिशव्यांमधून साप घसरत बाहेर आला. टाकून दिलेल्या दोरीसारखा, निपचित.

तरुणाने सामान आवरलं. ओंडकासुद्धा पिशवीत घातला, डबा मात्र तिथेच राहू दिला. जाता जाता म्हणाला, "तुम्ही सांगितलंत म्हणून आलो, दादा. मी काही चोर नाही." आवाजात राग नव्हता, आणि तेच भिंगरीला जास्त लागलं.

मग भिंगरी सापापासून दोन पावलं मागे सरकून उकिडवा बसला. ऊन सापावर पडेल पण भाजणार नाही, अशा बेताने डब्याचं झाकण आडवं धरलं. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. साप हलेना. भिंगरीला उठावंसं वाटे, फेऱ्या माराव्याशा वाटत, पण त्याची सावली हलली तर? पायांना मुंग्या आल्या, घाम डोळ्यांत उतरला. पाऊण तासाने जीभ दिसली. एकदाच. दिसली की भास झाला, तेही नक्की कळेना. आणखी वीस मिनिटांनी अंगावरून एक लाट गेली, आणि साप फार हळू, थांबत थांबत, कपारीपर्यंत गेला आणि आत शिरला. शेपटीचं टोक मात्र बराच वेळ बाहेरच होतं.

घरी पोचला तर बायको दारातच. "तुमच्या बाईंचा फोन आला होता. तब्येत कशी आहे विचारत होत्या."

त्याने सगळं सांगितलं. टोपीपासून. तिने मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाली, "मला वाटलं, काही बाहेरचं लफडं आहे. हे त्याहून वाईट की बरं, ते ठरवतेय." मग पाणी आणून दिलं.

मास्तरांकडे मात्र असं झालं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टोपीचं मला रविवारीच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. बुधवारीसुद्धा थांबलो होतो." ते खिडकीबाहेर पाहू लागले. "तो फोटो काढून टाक. आणि या रविवारी येऊ नकोस. मला राग आलाय आणि या वयात तो लवकर जात नाही."

भिंगरीने तिथेच ग्रुपवरून फोटो काढून टाकला. तोवर तो किती फोनांत जाऊन बसला होता, कुणी सांगावं?

रविवारी तो खाणीकडे निघाला तेव्हा बायकोही बूट घालून तयार. आयुष्यभर पालीला पाहून खुर्चीवर चढणारी बाई. "तुम्ही एकटे गेलात की काय करता ते कळलंय मला," ती म्हणाली.

त्याने तिला ओली बाजू ओळखायला शिकवलं. दगड काठीने कलवायचा, खाली कुणी आहे का बघायचं, मगच मातीला ज्या बाजूची सवय आहे ती खाली ठेवायची. दुपारपर्यंत तिसरा ढीग कसाबसा उभा राहिला. साप दिसला नाही. भिंगरी दर पाच मिनिटांनी त्या कपारीपाशी जाऊन वाकायचा आणि परत यायचा.

"जिवंत असेल ना?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"मग सारखं बघून काय होणार? त्यालाच त्रास."

तो परत फिरला. पुन्हा गेला नाही, पण दगड उचलताना मान तिकडेच वळत होती.

"अजून दुसरा ढीग राहिलाय," तो म्हणाला.

तिने तळहात पाहिले. सोलवटले होते. "पुढच्या रविवारी माझ्यासाठी हातमोजे आणा," ती म्हणाली, आणि पुढचा दगड काठीने कलवून, मान लांब करून, खाली बघू लागली.