अतिविषाचा घट

अतिविष या थंड डोंगरावरच्या औषधी झाडाचं बी महाहट्टी. बर्फात दोन हिवाळे काढल्याशिवाय ते डोळा उघडत नाही, म्हणून सरकारी बागेतला माळी श्यामराव सहा महिने ओल्या वाळूतलं ते बी बर्फाच्या पेटीत जपत होता. पेटीतला एक हिवाळा झाला होता, दुसरा बाकी होता. ज्या डोंगरावरून बी आणलं तो उतारच खचला, आता एवढंच उरलंय, असं बागेचे साहेब सांगायचे. दुर्गापूजेच्या सुट्टीत बाग बंद राहणार, त्यात लाइटचा भरवसा नाही, म्हणून त्यांनी वाळूचा डबा त्याच्या घरी दिला. श्यामराव रोज सियालदहच्या मासळीबाजारातून पोत्यात बर्फ बांधून बेहाल्याला घरी आणायचा.

घरी सहा वर्षांची वृंदा सतरा दिवस तापानं फणफणलेली. डॉक्टर आता नजरेला नजर देत नव्हता.

घट बसायच्या दिवशी श्यामराव बर्फ घेऊन आला, तर डबा रिकामा. त्याच्या बायकोनं, शकुननं, सगळं बी वाळूसकट घटाच्या मातीत पेरलं होतं.

"अक्कल गहाण टाकलीस काय गं?"

"तापावरचं औषध आहे, तुम्हीच म्हणालात. मग डब्यात कुणासाठी जपायचं?"

माती उपसायला तो पुढं झाला, तशी शकुन आडवी आली. "बसलेला घट हलवत नाहीत. हलवायचाच तर आधी मला उचला."

त्यानं लाथेनं बर्फाचं पोतं उडवलं. बर्फ मोरीत विरघळून गेला. पुन्हा त्यानं बर्फ आणला नाही. त्या उकाड्यात बी कुजणार हे त्याला ठाऊकच होतं.

तिसऱ्या दिवशी घटाभोवती हिरवे कोंब उभे होते, आणि वृंदाचा ताप उतरला होता. शकुन देवीसमोर रडली. श्यामराव मात्र कोंबांकडे बघत राहिला. यांना एवढी थंडी मिळाली कुठून?

पाचव्या दिवशी वृंदाच्या काखेत थर्मामीटरचा पारा हलेना. "मोडलाय," डॉक्टर म्हणाला. श्यामरावनं तो स्वतःच्या काखेत धरला. पारा सरळ वर चढला.

सातव्या दिवशी त्यानं शकुनच्या नकळत एक कोंब उपटला. पलंगावर वृंदाचा श्वास अडकला. घाबरून त्यानं तो परत मातीत खोचला, बोटानं दाबला, आणि ती पुन्हा श्वास घ्यायला लागेपर्यंत गुडघ्यावर तसाच बसून राहिला.

दसऱ्याची दुपार. बाहेर पूजेचे ढाक-ढोल वाजत होते, माणसं घामानं निथळत होती. घट उठवून पोरीच्या केसात कोंब खोवावा म्हणून शकुननं हात पुढं केला.

"आई, एवढ्यात नको." वृंदाच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली. "अजून माझा एकच हिवाळा झालाय."

शकुनचा हात तिथंच राहिला. तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

श्यामराव उठला. खुंटीवरचं पोतं काढलं आणि बर्फ आणायला सियालदहला निघाला.